अंगणातली दहा झाडं: ठेवायची की काढायची? (प्रकल्प नोंदी)

८ मार्च २०२४

पुण्यातल्या कर्वेनगरमधला बंगला. बांधकाम १९७८चं, दर्शनी बाजू पश्चिमेला. समोरचं अंगण चौदा मीटर रुंद, नऊ मीटर खोल. घरात काका, काकू आणि काकांच्या ब्याण्णव वर्षांच्या आई. मुलगा बंगळुरूला. खर्च तो करणार आहे आणि घाईही त्यालाच आहे. मागण्या दोन: आजींच्या चाकाच्या खुर्चीसाठी उतार आणि दुसऱ्या गाडीला जागा.

ठेकेदाराने आराखडा आधीच देऊन ठेवलाय. झाडं सगळी साफ, भिंतीपासून भिंतीपर्यंत पेव्हर ब्लॉक, कडेने कोनोकार्पस या झपाट्याने वाढणाऱ्या झाडाचं कुंपण. "शोभेचीच तर झाडं आहेत, फळं थोडीच लागतात त्यांना," असं त्याचं म्हणणं. काकांनी मान डोलावली. काकूंनी उपवासाच्या थालीपिठाची ताटली माझ्यापुढे सरकवली आणि म्हणाल्या, "तू आधी नीट बघ, मग बोलू."

कोनोकार्पसवर मात्र पहिल्याच दिवशी फुली मारली. गुजरात सरकारने सप्टेंबर २०२३मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली आहे. मुळं ड्रेनेजमध्ये आणि केबलच्या चरांत घुसतात, आणि परागांमुळे सर्दी-दम्याचा त्रास होतो, ही कारणं. काकांना दमा आहे. चर्चा तिथेच संपली.

१२ मार्च

मोजणी. फाटकाच्या डाव्या हाताला एक गुलमोहर. फाटकाच्या दोन बाजूंना दोन रॉयल पाम (सगळी कॉलनी त्यांना बॉटल पाम म्हणते, म्हणोत). दक्षिणेच्या भिंतीलगत पाच खोटे अशोक, खांबासारखे सरळ. पोर्चपासून तीन मीटरवर एक ख्रिसमस ट्री. वायव्य कोपऱ्यात, पाण्याच्या टाकीला खेटून, बारीक पानांचा फायकस. एकूण दहा. शिवाय काकूंचा पारिजातक. तो मोजायचा नाही, असं मला बजावण्यात आलं आहे.

घेर छातीच्या उंचीवर, म्हणजे जमिनीपासून १.३७ मीटरवर घेतले. गुलमोहर २.३ मीटर, म्हणजे व्यास ७३ सेंटिमीटर. बुंध्याच्या व्यासाच्या बारापट अंतरापर्यंतची मुळं जपायची, हा आमच्या कामातला ढोबळ नियम. बारापट म्हणजे पावणेनऊ मीटर. अंगणच नऊ मीटर खोल. फाटकाकडून उत्तरेच्या भिंतीकडचा एक पट्टा सोडला, तर कुठेही कुदळ मारली तरी ती गुलमोहराच्या मुळांवरच बसणार.

उताराचा हिशेब: जोतं ४५ सेंटिमीटर उंच. एकास बाराच्या प्रमाणाने ५.४ मीटर लांबी हवी. सरळ काढला तर ख्रिसमस ट्रीच्या बुंध्यातूनच जातो. वळवावा लागेल.

१५ मार्च

काकांचा पहिला संशय ख्रिसमस ट्रीवर आहे. "वाकलंय ते. एक दिवस शेजाऱ्यांच्या गच्चीवर जाणार."

वाकलंय खरं. ओळंबा सोडून पाहिलं तर सात अंशांच्या आसपास, दक्षिणेकडे. पण हे झाड न्यू कॅलेडोनियातलं, कुक पाईन म्हणतात ते. कलणं ही त्याची जातच आहे. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पाच खंडांतली २५६ झाडं मोजली होती. सरासरी कल ८.५५ अंश भरला. गंमत म्हणजे बहुतेक सगळी विषुववृत्ताकडे झुकलेली: उत्तर गोलार्धात दक्षिणेकडे, दक्षिण गोलार्धात उत्तरेकडे. आपलं झाड पुण्यात आहे, तर दक्षिणेकडेच जाणार.

खरी तपासणी वेगळी. पडायला आलेल्या झाडाची माती कलाच्या उलट बाजूला फुगते, भेगा पडतात, मुळं ताणून वर येतात. उत्तरेकडची माती उकरून पाहिली. काही नाही. बुंधा तळाशी नेहमीसारखा पसरलेला, घट्ट.

काकांना हे सगळं सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे वाकडं आहे तेच सरळ?" हो, तसंच.

१९ मार्च

गुलमोहर. याच्याबद्दल घरात दुमत नाही. सगळ्यांनाच तो हवा आहे, ठेकेदार सोडून. म्हणूनच त्याच्याकडे नीट कोणी पाहिलेलं नाही.

दक्षिण बाजूला जमिनीलगत, पेव्हरच्या कडेला, तपकिरी रंगाचा लाकडासारखा टणक बुरशीचा कान. गेल्या पावसाळ्यातला, वाळलेला. हा गॅनोडर्मा. आत मूळ आणि बुंध्याचा तळ कुजत असल्याशिवाय तो बाहेर दिसत नाही. लाकडी हातोडीने ठोकत गेले. रस्त्याच्या बाजूला आवाज भरीव, दक्षिणेला ढोलासारखा पोकळ. बुरशीच्या कानाशेजारून सहा मिलिमीटरची सळई हाताने ढकलली, तर तीस सेंटिमीटर आत गेली. बुंध्याची त्रिज्या छत्तीस.

वरची छत्री मात्र डेरेदार. विजेच्या तारा फांद्यांतून गेलेल्या. खाली फाटक. फाटकाबाहेर सकाळी सात-सव्वासातला शाळेच्या रिक्षा थांबतात.

घरी कोणाला काही बोलले नाही अजून. दुसऱ्या एका जाणकाराला दाखवून मगच बोलेन.

२३ मार्च

जाणकार येऊन गेले. त्यांचंही मत तेच. छाटून वजन कमी करता येईल, पण मुळांशी कुज असताना नुसती छाटणी म्हणजे वेळ काढणं. शिवाय गुलमोहराचं लाकूड मुळातच ठिसूळ, मुळं उथळ.

काकू ऐकून आत निघून गेल्या.

२८ मार्च

परवानगीचं पाहायला बसले. खाजगी आवारातलं झाड आपलं, म्हणून हवं तेव्हा तोडलं, असं शहरात चालत नाही. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५. त्यात २०२१ साली झालेल्या दुरुस्तीने दोन गोष्टी आल्या. पन्नास वर्षं किंवा जास्त वयाचं झाड ते वारसा वृक्ष. आणि जे झाड काढाल, त्याच्या वयाइतकी नवी झाडं लावायची. सहा ते आठ फुटांची रोपं, आणि सात वर्षं ती जगवायची.

म्हणून वय शोधणं आलं. फायकस मुलाच्या दहावीच्या वर्षी, २००२ साली लावलेला: बावीस. गुलमोहर १९८०चा, काकांच्या जुन्या वहीत रोपाचे पैसे लिहिलेले सापडले: चव्वेचाळीस. वारसा व्हायला सहा वर्षं कमी.

मग ठेकेदाराच्या आराखड्याचा हिशेब करून मुलाला फोनवर ऐकवला. दहाही झाडं काढली असती, तर वयांची बेरीज अडीचशेच्या वर जाते. अडीचशे झाडं, सात वर्षं. पलीकडे जरा वेळ शांतता. मग, "ताई, तुम्ही म्हणाल तसं."

खरं सांगायचं तर कायद्यातली ही तरतूद काम करते ती इथेच. तोडलेल्या गुलमोहराची सावली चव्वेचाळीस रोपं दहा वर्षं तरी देणार नाहीत. पण शोभेची झाडं "अशीच" काढायला निघालेल्या माणसाला तो आकडा थांबवतो.

२ एप्रिल

महापालिकेकडे अर्ज दाखल. गुलमोहर आणि फायकस काढण्यासाठी, दोन पाम हलवण्यासाठी. ख्रिसमस ट्री आणि पाचही अशोक राहणार.

फायकसबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. मुळं टाकीच्या भिंतीतून आत शिरली आहेत, टाकी गळते, कंपाउंडची भिंत दीड इंच बाहेर ढकलली गेली आहे. तो कुंडीतून काढून कोपऱ्यात खोचला तेव्हा "छान दिसेल" एवढाच विचार झाला असावा. त्याची छोटी फळं खायला पक्षी येतात, तेवढी एक बाजू त्याच्याकडे आहे. पण तिथेच गाडी आणि चार्जिंगचा पॉइंट बसतो, आणि गुलमोहर असो-नसो, अंगणात खोदायला मोकळा असा तेवढाच कोपरा आहे.

पामच्या झावळ्या तीन-साडेतीन मीटर लांब, सुकली की एकेक दहा-बारा किलोंची, आणि कधी सुटेल ते सांगून सुटत नाही. आजींची खुर्ची फाटकातून जाणार बरोबर त्यांच्याखालून. तोडायचं कारण नाही. पामची मुळं केसाळ, गड्ड्यासकट हलतात. मागच्या अंगणात जागा आहे.

अशोकांसाठी भांडावं लागलं. रस्त्यापलीकडच्या ताई म्हणाल्या, खोटा अशोक निरुपयोगी, काढून सीताअशोक लावा. सीताअशोक मलाही आवडतो. पण दोन मीटरच्या पट्टीत, भिंतीला न ढकलता, वर्षभर हिरवा पडदा धरून उभं राहणं हे याचंच काम. आणि निरुपयोगी कसा? त्याच्या कोवळ्या पानांवर एक हिरव्या ठिपक्यांचं, चपळ फुलपाखरू अंडी घालतं. इंग्रजीत टेल्ड जे. पावसाळ्याच्या तोंडाला फळं पिकली की रात्री वटवाघळं येतात. सकाळी बिया अंगणभर. गाडी त्यांच्याखाली लावायची नाही, एवढंच पथ्य.

९ एप्रिल

पाडवा. काम नव्हतं, पण काकूंचा फोन. गुलमोहराच्या वाळक्या फांदीला भोक पडलंय आणि त्यातून कोणीतरी डोकं काढतंय. फोटो पाहिला: तांबट पक्षी. वाळलेल्या मऊ लाकडात चोचीने कोरून घर करतो.

वाळक्या फांद्या उतरवण्याची वेगळी परवानगी हातात आहे. ही फांदी सोडून बाकीच्या घ्यायच्या, असं माळीमामांना सांगितलं. पिल्लं उडेपर्यंत तिला हात नाही. ती फांदी तारांच्या बाजूला नाही, हे नशीब.

१८ एप्रिल

दुपारी अडीचला इन्फ्रारेड थर्मामीटर घेऊन अंगणात. उन्हातले पेव्हर ५८ अंश. गुलमोहराच्या सावलीतली उघडी माती ३६. पोर्चची पश्चिमेची भिंत, जिथे सावली पडते तिथे ३८, जिथे नाही तिथे ४९.

हे आकडे काढले ते गुलमोहराच्या बाजूने. तो जाणार असेल, तर काय जातंय हे कागदावर यायला हवं. पश्चिमेकडच्या घराला दुपारी तीननंतर ऊन समोरून खातं. "तोडा आणि मोकळं करा" म्हणणाऱ्या आराखड्यात या अकरा अंशांसाठी एक रकाना नव्हता. एसीसाठी मात्र होता.

१ मे

काकू साताऱ्याच्या. तिथे १९९९पासून १ मे हा गुलमोहर दिवस म्हणून साजरा होतो. त्यांनी आज मला मुद्दाम बोलावलं. झाड पेटल्यासारखं फुललेलं.

"हे बघ आणि सांग, की हे आजारी आहे."

मी म्हटलं, "काकू, फुलोऱ्यावरून मुळं कळत नाहीत. फांद्यांना रस पोचतोय तो सालीलगतच्या थरातून. कुज आहे ती आतल्या लाकडात. ते लाकूड झाडाला जगवत नाही, उभं धरतं."

"मग पडेपर्यंत राहू दे."

"फाटकाबाहेर पोरं उभी असतात."

यावर त्या बऱ्याच वेळाने म्हणाल्या, की झाड मादागास्करचं, परदेशी, म्हणून तुम्ही लोक त्याच्यावर टपलेले असता. हे मात्र मी मानलं नाही. ख्रिसमस ट्रीही परदेशी, ते राहतंय. देशी-परदेशी हा प्रश्न नवीन झाड लावताना जरूर विचारावा. उभ्या झाडाला मी तीनच गोष्टी विचारते: पडलास तर कोणावर, उभा आहेस तोवर काय देतोस, आणि तुझ्या जागी येणारा तेवढं कधी देईल. गुलमोहर दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नाला पहिल्या नंबराने पास आहे. पहिल्यात नापास, आणि बाकी दोन्हींनी ते भरून निघत नाही.

२४ मे

१३ तारखेचं लोकसभेचं मतदान झालं, मग महापालिकेच्या पाहणीची तारीख मिळाली. बुरशी, पोकळ आवाज, सळई, सगळं पाहणीला आलेल्यांनी स्वतः करून पाहिलं. ख्रिसमस ट्री अर्जात का नाही, असं विचारलं. कल दाखवला, माती दाखवली. त्यांना पटलं. झाडांवर हरकतींची नोटीस लागली.

तांबटाचं घर रिकामं झालंय.

११ जून

पाऊस सुरू. पाम हलवायला हीच वेळ, पण कागद हातात नाही. गुलमोहराबाबत एक हरकत आली आहे, गल्लीतल्या एका निवृत्त प्राध्यापकांची. मुद्देसूद लिहिलंय. आधारासाठी तार बांधून पाहिली का, वजन कमी करून पाहिलं का, असे प्रश्न आहेत. असे हरकतदार प्रत्येक गल्लीत असावेत. उत्तर लेखी दिलं: फांदी कमकुवत असेल तर तारेने आधार देता येतो, तळ कुजला असेल तर तार बांधणार कशाला?

२६ जुलै

परवा रात्रीपासून काल दिवसभर पुण्यात जो पाऊस झाला त्याबद्दल सगळीकडे लिहून येतंय. खडकवासल्यातून विसर्ग, सिंहगड रस्त्यावर एकतानगरीत घरांत पाणी. आज सकाळी अंगण पाहायला गेले.

गुलमोहर उभा. अशोक उभे. ख्रिसमस ट्रीखाली पहिल्यांदा माती पाहिली. भेग नाही. पाणी मात्र पेव्हरवर घोट्याएवढं साचून पोर्चच्या पायरीला लागलेलं. १९९० नंतर कधीतरी बसवलेले हे पेव्हर, खाली काँक्रीटचा थर. पाणी जिरायला जागा आहे ती फक्त झाडांच्या आळ्यांत. आळीसुद्धा नावालाच, बुंध्याला घट्ट धरून.

अंगणातली खरी चूक कोणती असेल तर ही. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ साली दिल्लीतल्या झाडांभोवतीचं काँक्रीट एक मीटरपर्यंत काढायला सांगितलं होतं. मी इथे त्याहून पुढे जाणार. गाडीची चाकं जिथून जातात ते दोन पट्टे आणि उतार, एवढंच पक्कं. बाकी पेव्हर उचलायचे, काँक्रीट फोडायचं, पण राहणाऱ्या झाडांजवळ ब्रेकर नाही, हाताने.

३ ऑगस्ट

काकांचं मत फिरलं. "एवढ्या पावसात हलला नाही. आता कशाला?"

हा युक्तिवाद खोडणं फार कठीण, कारण तो डोळ्यांसमोर उभा आहे. मी एवढंच म्हटलं, की त्या दिवशी पाऊस मोठा होता, पण वारा नव्हता. उथळ मुळांचं झाड बहुधा पडतं ते माती भिजलेली असताना वारा आला की. किंवा मेच्या वळवात. शिवाय बुरशीचा नवा कान आलाय, या वेळी पश्चिमेला, रस्त्याच्या बाजूला. मार्चमध्ये ती बाजू भरीव वाजत होती.

काका उठले, स्वतः हातोडी घेऊन गेले. ठोकून आले. काही बोलले नाहीत. नंतर फक्त, "फुलं येऊन गेलीत ना यंदाची?"

१४ ऑगस्ट

परवानगी आली. बावीस आणि चव्वेचाळीस, मिळून सहासष्ट रोपं. अंगणात ती मावणं शक्य नाही. महापालिका जागा दाखवेल, तिथे. खर्च मुलाचा, देखभालीचा करार माळीमामांच्या भाच्याशी केला.

२० ऑगस्ट

पाम हलवले. झावळ्या वर बांधून, गड्डा गोणपाटात, लहान क्रेनने. उजव्या पामच्या गड्ड्याची एक बाजू सुटली. त्याच्या दोन बाहेरच्या झावळ्या पिवळ्या पडतील असं दिसतंय. नवा कोंब हिरवा आहे तोवर काळजी नाही.

२१ सप्टेंबर

गणपती आटोपले, मग गुलमोहर. वीज बंद करून घेतली. वरून खाली, तुकड्या-तुकड्याने, दोराने उतरवत. दुपारपर्यंत छत्री गेली. त्या क्षणापासून पोर्चमध्ये ऊन.

तळाचा काप पाहिला. दक्षिणेचा निम्मा भाग भुसभुशीत, पांढरट, हाताने चुरा होणारा. पश्चिमेला कुजेची जीभ नुकती पोचलेली. पूर्वेला चांगलं लाकूड. अजून दोन पावसाळे निघाले असतेही. कोणत्या पावसाळ्यात नाही, हे कोणीच सांगू शकलं नसतं.

प्राध्यापक काप पाहायला आले होते. वाकून बराच वेळ पाहिलं, फोटो काढला.

फायकस दुसऱ्या दिवशी गेला. त्याला पाहायला कोणी आलं नाही.

५ ऑक्टोबर

जागी काय? गुलमोहराच्या नेमक्या खड्ड्यात काही नाही. तिथे बुरशी मातीत आणि उरलेल्या मुळांत आहे. चार मीटर आत सरकून.

बहावा सगळ्यांच्या तोंडावर होता. पण तो फुलतो तेव्हा जवळजवळ निष्पर्ण असतो, म्हणजे एप्रिल-मेच्या उन्हात, सावली हवी तेव्हाच, छत्री बंद. ताम्हण राज्यफूल, सुंदर, पण त्याला पाणी हवं आणि इथे टँकर येतात. सातवीण नको. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये तिचा वास काकांच्या छातीला सोसणार नाही. उरला बकुळ. वर्षभर दाट पान, तारांपर्यंत जायला त्याला फार वर्षं लागतील. दोष एकच, फार सावकाश वाढतो.

म्हणून तोवर पोर्चपुढे लोखंडी मांडव आणि त्यावर मधुमालती. हे काकूंच्या सूचनेवरून. त्यांनी बकुळाची जागा स्वतः ठरवली, माझ्या आराखड्यापेक्षा अर्धा मीटर उत्तरेला. आजींच्या खोलीच्या खिडकीतून दिसावा म्हणून. उतार त्याप्रमाणे पुन्हा आखला. ख्रिसमस ट्रीला वळसा घेऊन तो आता बकुळाच्या आळ्याला लागून जातो.

२२ नोव्हेंबर

सद्यस्थिती. पेव्हर उचलले, सत्तर टक्के अंगण उघडं. वर मुरूम आणि बारीक खडी, अशोकांखाली पालापाचोळा तसाच ठेवायचा (काकांना तो झाडायची सवय, त्यांच्याशी बोलणं चालू आहे). टाकीची भिंत दुरुस्त, गळती बंद. गाडी वायव्य कोपऱ्यात लागते. उजव्या पामच्या तीन झावळ्या गेल्या, नवा कोंब उघडतोय.

सहासष्टपैकी चाळीस रोपं लावून झाली, जागेच्या फोटोंसह नोंद दिली. उरलेली सव्वीस पुढच्या पावसाळ्याच्या तोंडाला. जागा बदलून मिळावी असा अर्ज केलाय, आत्ता दाखवलेल्या ठिकाणी फूटभर खाली खडक लागतो.

बकुळाला आठवड्यातून दोनदा, एका वेळी दोन बादल्या, बुंध्यापासून हातभर लांब. मार्चपासून एक दिवसाआड. माळीमामांना लिहून दिलंय, काकूंनी फ्रीजवर चिकटवलंय.